150 म्हणजे नेमकं काय? डेटाबेसमधला संदर्भ ठेवायचा कुठे?

सांजवात

बरीच वर्षं डेटाबेसचं काम करते. गेले काही महिने एका रुग्णालयाची जुनी नोंदप्रणाली बंद करून नवी सुरू करायच्या कामावर आहे. रक्तशर्करेच्या सगळ्या नोंदी जुन्या टेबलातून नव्यात आणल्या. ओळींची संख्या जुळली, बेरजा जुळल्या, एकही ओळ गहाळ नाही. निश्चिंत मनाने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी एका डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "हे 150 उपाशीपोटीचं की जेवणानंतरचं?"

टेबलात चार कॉलम होते: रुग्ण क्रमांक, आकडा, नोंदीची वेळ, नोंद करणाऱ्याचा क्रमांक. उपाशीपोटी की जेवणानंतर, हा कॉलमच नाही. जुन्या प्रणालीत त्यासाठी दोन वेगळे फॉर्म होते आणि दोन्ही एकाच टेबलात लिहायचे. फॉर्म भरला की लगेच छापील चिठ्ठी निघायची, तिच्या माथ्यावर 'उपाशीपोटी' किंवा 'जेवणानंतर' असं असायचं. डॉक्टर ती चिठ्ठी बघायचे, टेबल कुणी उघडून बघतच नव्हतं. आम्ही टेबल आणलं आणि फॉर्म मागे टाकले.

उपाशीपोटी 126 आणि त्यावर आकडा गेला की तो मधुमेहाच्या रेषेच्या पलीकडचा मानतात. म्हणजे 150 उपाशीपोटीचं असेल तर पुढची तपासणी लागते. जेवणानंतर दोन तासांनी तेच 150 आलं असेल तर बोलणं पूर्ण वेगळं. आणि एकक? आमच्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर धरतात. अनेक देशांत मिलिमोल प्रति लिटर वापरतात, दोन्हींत साधारण 18 पटींचा फरक. आमच्या टेबलात एककही नव्हतं. ते सगळ्यांना 'माहीतच' होतं.

तेव्हापासून या विषयावरचं जुनंनवं संशोधन वाचते आहे आणि माझं एक मत पक्कं होत चाललंय. संदर्भ हाही डेटाच आहे, आणि त्याची जागा टेबलात आहे. फॉर्मच्या नावात, कोडमधल्या जर-तरमध्ये किंवा अनुभवी माणसांच्या डोक्यात ठेवला की तो पहिल्या स्थलांतरात मरतो.

एडगर कॉडने 1970 मध्ये रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे डेटा टेबलांत मांडायच्या पद्धतीचा, लेख लिहिला. त्याची सुरुवातच अशी आहे की डेटा यंत्रात कसा रचलाय हे जाणून घेण्याच्या जाचातून वापरणाऱ्याची सुटका झाली पाहिजे. ती सुटका झाली, आणि केवढी मोठी! त्याआधी चार्ल्स बाखमनच्या पद्धतीत प्रोग्रामरला एका नोंदीवरून दुसरीकडे वाट काढत जावं लागे. कॉडनंतर 'काय हवं' तेवढं सांगायचं, 'कसं शोधायचं' ते डेटाबेस बघेल. पण कोण विचारतंय, कुठून, कधी आणि कशासाठी, हे प्रश्न त्या मांडणीच्या बाहेर राहिले. त्यांची जबाबदारी ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यावर पडली आणि तिथे प्रत्येकाने आपापल्या परीने ती उरकली.

संदर्भावर मुळातून विचार केला तो वेगळ्याच लोकांनी, त्याबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते. तुमच्या कामात असं काही घडलंय का?

---

ओळखीचा_वाटसरू

फार महत्त्वाचा धागा. वाचतोय. पुढचं लवकर लिहा.

---

निशिगंध

सांजवात ताई, मी परिचारिका होते, आता निवृत्त आहे. कॉम्प्युटर यायच्या आधी आमच्याकडे कागदी रजिस्टर असायचं. आकड्याशेजारी आम्ही लाल शाईने 'उ' किंवा 'जे' लिहायचो. नवीन मुलगी आली की पहिल्याच दिवशी तिला शिकवायचो की अक्षर नसलेला आकडा लिहायचा नाही, आणि कुणी लिहिलेला दिसला तर त्यावर विसंबायचं नाही. कॉम्प्युटरवर ते अक्षर लिहायला जागाच नव्हती. आम्हाला वाटलं, यंत्राला ते आपोआप कळत असेल.

---

सांजवात

निशिगंध ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून थोडा वेळ तशीच बसून राहिले. तुमच्या रजिस्टरची रचना आमच्या टेबलापेक्षा सरस होती, हे मनापासून सांगते.

आता राहिलेलं. 1992 मध्ये केंब्रिजमधल्या ऑलिव्हेट्टी संशोधन प्रयोगशाळेतल्या रॉय वाँट आणि सहकाऱ्यांनी 'ॲक्टिव्ह बॅज'बद्दल लिहिलं. छातीवर लावायचा छोटा बिल्ला, दर 15 सेकंदांनी अवरक्त किरणांचा एक इशारा सोडायचा. भिंतीवरचे संवेदक तो टिपायचे आणि माणूस ज्या खोलीत असेल तिथल्या फोनवर त्याचा कॉल वळवता यायचा. 1994 मध्ये बिल शिलिट आणि सहकाऱ्यांनी झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातल्या अनुभवावरून संदर्भाचे तीन मुख्य भाग मांडले: तुम्ही कुठे आहात, कुणासोबत आहात आणि जवळपास कोणती साधनं आहेत. 2001 मध्ये अनिंद डे यांनी व्याख्या रुंदावली. एखाद्या घटकाची, म्हणजे माणसाची, जागेची किंवा वस्तूची, परिस्थिती सांगायला जी जी माहिती उपयोगी पडते ती सगळी संदर्भ.

ही व्याख्या मला आवडते आणि तिची भीतीही वाटते. सगळंच संदर्भ म्हटलं तर टेबलाचे कॉलम ठरवायचे कसे?

या प्रश्नाला हात घातला तो मिलानच्या पॉलिटेक्निकमधल्या लेतिझिया तांका, क्रिस्तियाना बोल्किनी आणि त्यांच्या गटाने. त्यांनी संदर्भाचं एक झाड मांडलं. मुळाशी परिमाणं: भूमिका, काळ, जागा, आस्थेचा विषय. प्रत्येक परिमाणाला मूल्यं, मूल्यांखाली आणखी बारीक परिमाणं. प्रत्येक परिमाणातून एकेक मूल्य उचललं की एक संदर्भ तयार होतो, आणि त्या संदर्भाला डेटाबेसमधला कोणता तुकडा लागतो हे रचना करतानाच ठरवायचं. कापड बेतून अंगाबरोबर शिवावं तसा डेटा बेतायचा. पाळीवरच्या परिचारिकेला तिच्या वॉर्डातले, या पाळीतले, औषधांशी संबंधित कॉलम. औषध भांडाराला तेच रुग्ण, पण वेगळे कॉलम.

---

मधला_बिंदू

हे झाड कागदावर सुंदर दिसतं, पण अडचण लगेच समोर येते. सहा परिमाणं आणि प्रत्येकी पाच मूल्यं धरा. 5 चा सहावा घात म्हणजे 15,625 संदर्भ. प्रत्येकासाठी डेटाचा तुकडा कोण बसून ठरवणार?

---

सांजवात

बरोबर आहे, ही अडचण त्यांनाही दिसली होती. त्यावर दोन उपाय आहेत. एक, अर्थहीन जोड्या बंधनं घालून आधीच छाटायच्या. भांडारातल्या माणसाला 'शस्त्रक्रिया चालू' या परिस्थितीचा काही उपयोग नसेल तर ती जोडी बनूच द्यायची नाही. दुसरा, प्रत्येक मूल्यासाठी तुकडा ठरवायचा आणि पूर्ण संदर्भाचा तुकडा त्यांच्या मिलाफातून यंत्राने काढायचा. मग काम घातात न वाढता बेरजेत वाढतं. सहा पंचे तीस तुकडे ठरवणं माणसाच्या आवाक्यातलं आहे.

ग्रीसमधल्या कोस्तास स्तेफानिदिस, एवांगेलिया पितुरा आणि पानोस वासिलिआदिस यांचं 2007 चं काम याच्या जवळचं आहे. वापरणाऱ्याची पसंती संदर्भासकट साठवायची. मूल्यांना पायऱ्या असतात: खोली, मजला, इमारत. नेमक्या खोलीसाठी काही नोंदवलेलं नसेल तर एक पायरी वर जाऊन मजल्याचं बघायचं, तिथेही नसेल तर इमारतीचं. सर्वांत जवळचा जो व्यापक संदर्भ सापडेल तो लागू. माणूस अनोळखी प्रसंगी असाच वागतो.

---

ग्रंथपाल

इथे एक नाव आलंच पाहिजे. ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन. 1933 मध्ये त्यांनी कोलन वर्गीकरण प्रसिद्ध केलं. पुस्तकाला एका ठरलेल्या खणात बसवायचं नाही, त्याच्या विषयाचे पैलू सुटे करायचे आणि चिन्हांनी जोडून वर्गांक बनवायचा, ही त्यातली मुख्य कल्पना. पुढे त्यांनी सगळे पैलू पाच मूलभूत गटांत बसवले: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश, काल.

मिलानच्या झाडाचं वर्णन वाचताना मला तेच आठवलं. परिमाणं सुटी ठेवा आणि गरजेप्रमाणे जोडा. फरक एवढाच की रंगनाथन पुस्तकाचे पैलू पाडत होते आणि इथे वाचणाऱ्याच्या परिस्थितीचे पैलू पाडायचे आहेत. पण वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यांच्या पाच नियमांतला चौथा नियम तरी वाचणाऱ्याबद्दलच आहे. माझी सगळी नोकरी या नियमावर उभी होती.

---

सांजवात

ग्रंथपाल, हा दुवा माझ्या डोक्यात आला नव्हता. पाच गटांची ती यादी आता मी काम करते त्या जागेसमोर लावली आहे.

---

रातपाळी_डीबीए

संशोधनाबद्दल आदर आहे, पण डेटाबेस रात्री दोन वाजता कण्हायला लागतो तेव्हा मला उठावं लागतं, म्हणून त्या बाजूने लिहितो. संदर्भाचे कॉलम टेबलात यावेत याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. त्यासोबत येणारं एक दुखणं मात्र आधीच समजून घ्या.

क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. तिचं उत्तर काढायची कोणती वाट स्वस्त पडेल याचा अंदाज क्वेरी ऑप्टिमायझर हा डेटाबेसचा भाग बांधतो. त्या पद्धतीचा पाया 1979 मध्ये पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पात घातला. त्यात दोन अटी 'आणि'ने जोडल्या की प्रत्येकीत बसणाऱ्या ओळींचं प्रमाण एकमेकांशी गुणलं जातं, कारण अटी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरलेलं असतं. इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) नसलेल्या कॉलमवर 'बरोबर' अशी अट असेल तर सरसकट एक दशांश ओळी धरल्या जायच्या. त्या काळात हे धाडसाचं आणि हुशारीचं काम होतं, आजही बहुतेक ऑप्टिमायझर त्याच वाटेने जातात.

पण संदर्भाचे कॉलम स्वतंत्र नसतातच. 'सकाळ' आणि 'उपाशीपोटी' यांचं बघा. निम्म्या नोंदी सकाळच्या, निम्म्या उपाशीपोटीच्या असतील तर ऑप्टिमायझर म्हणेल, दोन्ही मिळून पाव. प्रत्यक्षात सकाळच्या बहुतेक नोंदी उपाशीपोटीच्या, म्हणजे जवळजवळ निम्म्या. अशा चार अटी जोडल्या की अंदाज कित्येक पटींनी खाली जातो. मग ऑप्टिमायझर थोड्याच ओळी येतील असं समजून टेबलं जोडायची चुकीची पद्धत निवडतो, आणि दोन सेकंदांची क्वेरी संपता संपत नाही.

पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत 2017 च्या दहाव्या आवृत्तीपासून दोन-तीन कॉलमची एकत्रित आकडेवारी ठेवायला सांगता येतं. ती सोय संदर्भाच्या कॉलमवर हटकून वापरा. आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या जयंत हरित्सा यांच्या गटाचं काम नक्की बघा. अटींची मूल्यं बदलत जातात तशी ऑप्टिमायझरची निवड कशी बदलते, याचे त्यांनी रंगीत नकाशे काढले. एकच क्वेरी, पण नकाशात कितीतरी रंग आणि वेड्यावाकड्या सीमा. मी पहिल्यांदा ते नकाशे पाहिले तेव्हा माझ्या कित्येक रात्रपाळ्यांचा उलगडा झाला.

---

ओळखीचा_वाटसरू

एक भाबडा प्रश्न. नोंदीची वेळ तर टेबलात आहे. सकाळी दहाच्या आतल्या नोंदी उपाशीपोटी धरल्या तर?

---

निशिगंध

असं करू नका हो. रक्त सकाळी सातला घेतलं तरी नोंद कॉम्प्युटरवर जायला दुपार व्हायची. वॉर्डात गडबड असली की सगळ्या चिठ्ठ्या एका ट्रेमध्ये जमायच्या आणि पाळी संपता संपता कुणीतरी बसून एकदम भरायचं. मी स्वतः कितीदा भरल्यात.

---

सांजवात

निशिगंध ताईंनी जे सांगितलं त्यावर डेटाबेसच्या संशोधनात एक अख्खी शाखा उभी आहे. रिचर्ड स्नोडग्रास आणि इतरांनी दोन काळ वेगळे केले. एक, गोष्ट जगात खरी कधी होती तो काळ. दुसरा, ती डेटाबेसमध्ये कधी उतरली तो काळ. रक्त घेतलं सातला, नोंद झाली एकला. हे दोन काळ एकाच कॉलममध्ये कोंबले की पुढचा प्रत्येक निष्कर्ष डळमळतो. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या 2011 च्या मानकात दोन्ही काळांसाठी सोय आली. आमच्या टेबलात होती फक्त नोंदीची वेळ, आणि सगळे तिला रक्त घेतल्याची वेळ समजून वाचत होते.

वाटसरू, तुमचा प्रश्न भाबडा नाही, आमच्या बैठकीत पहिल्यांदा हेच सुचलं होतं. अंदाज बांधायला माझी ना नाही. पण अंदाजाने आलेला संदर्भ आणि कुणीतरी सांगितलेला संदर्भ एकाच कॉलममध्ये बसवायला मी तयार नाही. शेजारी 'कुठून कळलं' हा कॉलम हवाच. डेटाच्या उगमावर पीटर ब्यूनमन, संजीव खन्ना आणि वांग-च्यू तान यांनी 2001 मध्ये लिहिलं तेव्हा दोन प्रश्न वेगळे केले होते: हे उत्तर का आलं आणि हे मूल्य कुठून आलं. रुग्णाच्या नोंदीत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर ती नोंद मी माझ्या आईच्या उपचारासाठी वापरू देणार नाही.

---

काठावरची

धागा वाचताना एक काळजी सतत वाटते आहे. इतका वेळ सगळे संदर्भ जपण्याबद्दल बोलताहेत. पण कोण, कुठे, केव्हा हे सगळं जपून ठेवणं म्हणजेच माणसावर नजर ठेवणं नाही का? 2013 मध्ये इव्ह-अलेक्झांडर द मोंजॉय आणि सहकाऱ्यांनी 15 लाख माणसांच्या 15 महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या. नावं काढलेली होती. तरी जागा आणि वेळ यांचे फक्त चार बिंदू माहीत असले तर 95 टक्के माणसं वेगळी ओळखू येत होती. त्या ॲक्टिव्ह बॅजबद्दल वाचून मला पहिला विचार फोनचा आला नाही. मनात आलं, तो बिल्ला लावलेली बाई जिन्यात किती वेळ थांबली हे कुणाला दिसत होतं?

---

सांजवात

काठावरची, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये तो यायला हवा होता.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते राकेश अग्रवाल, जेरी कीर्नन, रामकृष्णन श्रीकांत आणि यिरॉंग शू यांचं 2002 चं काम. वैद्यांच्या शपथेवरून त्यांनी त्याला हिपोक्रॅटिक डेटाबेस म्हटलं आणि दहा तत्त्वं मांडली. गाभा असा, की माहिती कोणत्या हेतूने घेतली तो हेतू माहितीसोबतच साठवायचा. क्वेरी करणाऱ्यानेही आपला हेतू सांगायचा. हेतू जुळले तरच ओळ दिसेल, आणि हेतू संपला की माहितीही जाईल. म्हणजे हेतू हा संदर्भाचाच एक कॉलम झाला, आणि तो माणसाच्या बाजूने उभा राहतो. पोस्टग्रेसमध्ये साडेनऊच्या आवृत्तीपासून ओळीच्या पातळीवरची सुरक्षा आहे. नव्या प्रणालीत ती आम्ही वापरतोय, त्यामुळे नियम स्क्रीनमध्ये न राहता टेबलावरच बसतो.

उपाशीपोटी की जेवणानंतर, हे आकड्याच्या अर्थासाठी लागतं, ते ठेवायचंच. परिचारिका जिन्यात किती वेळ होती हे कोणत्याही आकड्याच्या अर्थासाठी लागत नाही, ते गोळाच करायचं नाही. प्रत्येक कॉलमला मी हा प्रश्न विचारते आहे.

---

मधला_बिंदू

हल्ली कागदपत्रांचे तुकडे करून, त्यांचे व्हेक्टर (अर्थाची जवळीक मोजता येणारे आकड्यांचे संच) बनवून भाषा-मॉडेलला पुरवतात. तिथेही तुमचंच दुखणं आहे. परिच्छेद कापताना वरचं शीर्षक आणि तारीख गळून पडते. मग रद्द झालेला नियम आणि चालू नियम शेजारी शेजारी सापडतात, दोन्ही तितकेच 'जवळचे'. आम्ही आता प्रत्येक तुकड्यासोबत शीर्षक, लागू असण्याचा काळ आणि मूळ दस्तऐवजाचा क्रमांक कॉलम म्हणून ठेवतो, आणि शोधताना आधी त्यावर गाळतो. शोध थोडा मंद होतो, पण त्याला इलाज नाही.

---

रातपाळी_डीबीए

सांजवात ताई, एक सुचतंय. जुनी प्रणाली ब्राउझरमधून चालत असेल तर सर्व्हरच्या लॉगमध्ये (आपोआप होणाऱ्या नोंदवहीत) कोणत्या वेळी कोणता फॉर्म जमा झाला याची ओळ असणार. बॅकअपमध्ये ते लॉग आहेत का बघा. डेटाबेस आणण्याच्या नादात लॉगचा बॅकअप सहसा कुणी उघडत नाही.

---

सांजवात

(तीन आठवड्यांनी)

रातपाळी, तुमचे मनापासून आभार. लॉग सापडले. सगळ्या वर्षांचे नाहीत, पण बऱ्याच महिन्यांचे आहेत. प्रत्येक ओळीत फॉर्मचं नाव, जमा केल्याची वेळ आणि वापरणाऱ्याचा क्रमांक. टेबलातली नोंदीची वेळ आणि नोंद करणाऱ्याचा क्रमांक यांच्याशी जुळवून पाहिलं. जिथे लॉगची एकच ओळ जुळली तिथे संदर्भ भरला आणि 'कुठून कळलं' मध्ये 'लॉग' लिहिलं. एकाच व्यक्तीने एकाच मिनिटात दोन्ही फॉर्म भरले असतील तिथे हात लावला नाही. जुन्या फायलींत छापील चिठ्ठ्या आहेत, त्या बघून आता दोघी जणी उरलेल्या नोंदी भरताहेत. तिथे 'कुठून कळलं' मध्ये 'चिठ्ठी'.

ज्यांची चिठ्ठीही सापडत नाही त्या नोंदींवर बरीच चर्चा झाली. त्यांत अंदाजाने काही भरलं नाही, त्या रिकाम्याच मानल्या.

---

ओळखीचा_वाटसरू

रिकाम्या म्हणजे नल, डेटाबेसमधली 'मूल्यच नाही' ही खूण? मग 'उपाशीपोटी नसलेल्या' नोंदी मागितल्या तर त्या येतील का?

---

सांजवात

नाही येणार, आणि म्हणूनच नुसतं नल ठेवलेलं नाही. एसक्यूएलमध्ये नलशी केलेल्या तुलनेचं उत्तर खरं किंवा खोटं येत नाही, 'अज्ञात' येतं, आणि ती ओळ गुपचूप गळते. 'उपाशीपोटी' मागा, ती नाही. 'उपाशीपोटी नाही' मागा, तरी नाही. डॉक्टरांना ती नोंद अस्तित्वातच नाही असं वाटलं असतं.

कॉडने पुढे रिकाम्या जागेचे दोन प्रकार वेगळे करायला सांगितलं होतं: मूल्य आहे पण आपल्याला माहीत नाही, आणि मूल्य इथे लागूच नाही. एसक्यूएलने एकाच नलवर भागवलं. आम्ही संदर्भाच्या कॉलममध्ये दोन्ही स्पष्ट शब्दांत लिहिली, 'माहीत नाही' आणि 'लागू नाही', आणि कॉलम रिकामा ठेवायला बंदी केली. पडद्यावर 'माहीत नाही' असलेला आकडा करड्या रंगात आणि शेजारी तो शब्द.

निशिगंध ताई, बाकीच्या नोंदींत आकड्याशेजारी लाल रंगात 'उ' किंवा 'जे' दिसतं.

---

निशिगंध

फोटो टाकता आला तर टाका ना. रुग्णाचं नाव झाकून.